दोन रेघा, अठरा दिवस

कळमना स्टेशनावरून जी लाईन जाते ती कामठी, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत थेट रायपूरला. जुनी बंगाल-नागपूर रेल्वे. याच वाटेनं छत्तीसगडचा माणूस नागपुरात आला. माती उचलली, हमाली केली, इथंच राहिला. त्यातले कितीतरी सतनामी, गुरू घासीदासांना मानणारे. आपल्यासारखेच गावाबाहेर ठेवलेले. तरी आपलीच पोरं त्यांना ‘परप्रांतीय’ म्हणतात. काहून? थोडा इतिहास बघा.

तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते, मध्यप्रांत-वऱ्हाडात. राजधानी नागपूर. १९४७ साली इथल्याच विधिमंडळानं दोन कायदे केले. एक अनुसूचित जातींवरची सार्वजनिक बंधनं काढणारा, दुसरा मंदिरप्रवेशाचा. मंदिराचं आपल्याला काय पडलं म्हणा! पण नागपूरचा महार आणि रायपूरचा सतनामी, दोघांना कायदा एकच होता.

मग १९५६ आलं. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. १ नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. रायपूर तिकडंच राहिलं. मध्ये फक्त अठरा दिवस. एक रेघ धर्माची, एक राज्याची. पहिली आपण आपल्या पायानं ओलांडली. दुसरी दिल्लीनं ओढली, सतनाम्याला कोणी विचारलंही नाही.

पहिल्या रेघेची किंमत आपण मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलं होतं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही. १९५६ साली त्यात शीख घेतले. बौद्ध बाहेरच. १९६० साली महाराष्ट्र सरकारनं नवबौद्धांना सवलती दिल्या, पण त्या राज्यापुरत्या. दिल्लीच्या नोकरीत तो कागद चालत नव्हता, राखीव जागेवर उभं राहता येत नव्हतं. १९६२ च्या निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम नागपूरच्या राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आले. विरोधक कोर्टात गेला : हा माणूस बौद्ध झाला आहे! १९६४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ज्यानं जाहीरपणे हिंदू धर्म सोडला तो या जागेला पात्र नाही. निवड गेली. म्हणजे बघा, अस्पृश्यता भोगायला आपण चालत होतो, आमदार व्हायला नाही. गावातल्या पाटलानं काही दीक्षेचा कागद पाहून विटाळ थांबवला नव्हता.

ही रेघ पुसायला चौतीस वर्षं लागली. मोर्चे, निवेदनं, पुन्हा मोर्चे. १९९० साली संसदेनं आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द घातला. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या आपल्या भावांना ते दार अजूनही बंदच आहे.

आणि त्याच १९९० साली दुसरी रेघ पक्की झाली. सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथं त्याला राखीव जागा नाही, जात दोन्हीकडच्या यादीत असली तरी. महाराष्ट्राच्या यादीत सतनामी आहेत! २०१८ साली घटनापीठानंही राज्यांच्या नोकरीबाबत तेच धरलं. थोडा उजेड २०२३ साली पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं म्हटलं की अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण राज्याच्या हद्दीवर संपत नाही. म्हणजे कळमन्यात सतनाम्याला जातीवरून मारलं तर गुन्हा लागेल. त्याच्या लेकराला इथं सवलतीची सीट मात्र नाही.

अपवाद एकच. १० ऑगस्ट १९५० ला घराणं आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं असा पुरावा असेल तर दाखला इथला मिळतो. राजेहो, त्या दिवशी महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. नागपूर होतं मध्यप्रदेशची राजधानी आणि रायपूर त्याच राज्यातला जिल्हा!

तो पुरावा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतो, कोतवाल बुकात असतो. हमालाच्या घरी असे कागद कोण जपून ठेवणार? आपल्या वस्तीतली जी पोरं स्वतःच्या दाखल्यासाठी तहसिलीच्या चकरा मारतात, त्यांना ही रजिस्टरं कुठं मिळतात ते ठाऊक आहे. पुढच्या खेपेला शेजारच्या सतनामी घरातल्या म्हाताऱ्यालाही विचारा, बाबा, तुम्ही नागपुरात कोणत्या साली आले?