नांगराबाहेरची माटोळी

गोव्यातल्या हिंदू घरांत चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात. तिला शेंडीचे नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, तोरिंजन, पपनस, आंबाडे, चिबूड आणि दोडकी बांधतात. त्यांच्या मधल्या जागा रानातल्या वस्तूंनी भरतात: कवंडळाची लाल फळं, तिरफळांचे झुबके, घागऱ्यांच्या शेंगा, कुड्याच्या शेंगांच्या जोड्या, कळलावीची फुलं. जुन्या पद्धतीने बांधायला दोरही केवणीच्या सालीचाच लागतो. ही माटोळी. तिची ओळख हल्ली सरसकट सुगीचा उत्सव अशी करून देतात. पीक हाती आलं, निसर्गाचे आभार मानले, असा तिचा सूर. ही ओळख सोयीची असली, तरी पंचांगाशी आणि शेताशी जुळत नाही. भाद्रपदातली चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात येते. कोकणपट्टीतलं बहुतेक भात तेव्हा पोटरीत किंवा नुकतं निसवलेलं असतं आणि जुन्या हिशेबात घरातली कणगी तळाला गेलेली असते. अमेरिकेत भोपळे आणि मक्याची कणसं मांडून थँक्सगिव्हिंगचं मेज सजवतात ते नोव्हेंबरात, धान्य कोठारात गेल्यावर. माटोळी त्याच्या नेमकी उलट वेळेला टांगली जाते. ती पिकाची पावती नाही. नांगर न लागलेल्या जमिनीने त्या पावसात काय काय दिलं, त्याची ती हजेरी आहे, असं माझं म्हणणं आहे.

चौकटीवर काय असतं त्यापेक्षा काय नसतं ते आधी पाहावं. भात हे या मुलखाचं मुख्य पीक, पण माटोळीत त्याला मानाची जागा नाही. भार असतो तो तीन ठिकाणच्या वस्तूंचा. रान हे पहिलं. दुसरं कुळागर, जिथे माड, पोफळी आणि केळी कुदळीने राखतात. तिसरी घराशेजारची पावसाळी भाजीची परसबाग, तीही हातानेच खणलेली. तिन्हीकडे बैल फिरत नाही. हा योगायोग वाटत असेल, तर दुसऱ्याच दिवशी येणारी ऋषिपंचमी पाहावी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हा महाराष्ट्रात सर्वत्र ठाऊक असलेला नियम; ऋषीची भाजी त्यातूनच आली. तिच्यात कंद, अळू, माठ, भेंडी, पडवळ जे काही पडतं ते परसातलं किंवा माळावरचं. कोकणात गौर म्हणून तेरड्याचे डहाळे आणतात, तेही कुणी पेरलेले नसतात. चतुर्थीपासूनच्या या चार-पाच दिवसांत घरात येणाऱ्या वस्तूंचा रोख नांगरटीच्या शेताबाहेर आहे, आणि माटोळी हा त्याचा सगळ्यांत भरगच्च नमुना.

यावर पहिला आक्षेप गोव्यातूनच येईल. तिथे पंचमीला नवं आणतात, भाताची ताजी कणसं देवापुढे ठेवतात. मग धान्य वगळलं कसं म्हणायचं? पण नव्याचा विधी वेगळा, त्याचा दिवस वेगळा, आणि ती कणसं कापणीआधीचा वानोळा असतात. हे दोन विधी एकमेकांपासून सुटे होऊ शकतात याचा दाखला गोव्याच्या ख्रिस्ती गावांत मिळतो. कणसांचं फेस्त, म्हणजे नव्या कणसांचा आशीर्वाद, राय आणि ताळगावसारख्या गावांत ऑगस्टमध्ये चर्चच्या देखरेखीखाली होतं. रानफुलं, पानं आणि फळं गुंफलेला मुकुट, म्हणजे कोपेल, मात्र डोक्यावर चढतो तो २४ जूनच्या सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला. त्या सणाला पोर्तुगालमधली मुळंही आहेत, तेव्हा कोपेल म्हणजे माटोळीचाच अवशेष असं म्हणण्याइतका पुरावा नाही. तरीही कणसं एकीकडे आणि रान दुसरीकडे, ही वाटणी बोलकी आहे.

दुसरा आक्षेप असा की हा सारा नैवेद्य आहे किंवा शास्त्रोक्त पत्रीचाच विस्तार. पत्रींची संख्या एकवीस, नावं ठरलेली. माटोळीला अशी यादी नाही; जितकं सापडेल तितकं थोडं. आणि नैवेद्य म्हणावा, तर कळलावीचं काय करायचं? ती विषारी. कवंडळही खाण्याचं फळ नव्हे. ज्या चौकटीत चिबुडाशेजारी विष लटकतं, तिथे निवड चवीवरून झालेली नसते.

सगळ्यांत लोकप्रिय स्पष्टीकरण इन्क्विझिशनचं: पोर्तुगिजांनी मूर्ती फोडल्या, लोक रानात लपले आणि पानाफळांत देव पाहू लागले. छळ खोटा नाही. तिसवाडीतली देवळं १५४० मध्ये पाडली गेली, सासष्टीतली १५६७ मध्ये, आणि इन्क्विझिशन १५६० पासून, मधली काही वर्षं सोडली तर, १८१२ पर्यंत चाललं. कागदावरचा किंवा पत्रीचा गणपती पुजण्याची प्रथा काही घराण्यांत त्या काळाशी जोडतात, ते पटण्यासारखं आहे. माटोळीला मात्र हे कारण पुरत नाही. सावंतवाडीत पोर्तुगिजांचं नव्हे, सावंत-भोसल्यांचं राज्य होतं, तरी तिथे माटोळी आहे; दक्षिणेला उत्तर कन्नडमध्ये तीच फळावळी होते. खुद्द गोव्यात ती सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगरी तालुक्यांत सर्वांत समृद्ध, आणि हा मुलूख पोर्तुगिजांकडे आला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोही धर्माचारांना हात न लावण्याच्या हमीसह. प्रथेची दाटी जंगलाच्या दाटीबरोबर वाढते; छळाच्या नकाशाशी ती जुळत नाही.

हे मान्य केलं की माटोळीचा इतिहास म्हणजे रानात कुणाला जाता येतं याचा इतिहास ठरतो. पणजी, म्हापसा, फोंडा इथल्या चवथीच्या बाजारात माटोळीचं सामान विकायला बसणाऱ्यांत डोंगराळ गावांतल्या बायका पुष्कळ. कुठली वेल कुठल्या वहाळाकाठी लागते हे ज्ञान त्यांचं. वर्षानुवर्षं नाव झालं ते टांगणाऱ्यांचं. त्यांची रानातली वाटही आता मोकळी नाही: म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ मध्ये झाली, आणि अभयारण्यातून वनस्पती नेण्यावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याची बंधनं आहेत. जैवविविधता जपणारी प्रथा म्हणून माटोळीचं कौतुक करणाऱ्यांनी हेही पाहावं की शहरी मागणी वाढली की वेली मुळासकट ओरबाडल्या जातात. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेने एक चांगलं केलं: शेकडो प्रकार जमवून त्यांची नावं सांगण्याची चढाओढ लावली. पण आता बियांचे मोर आणि फळांचे देखावे रचले जाऊ लागले आहेत. अशा देखाव्यात तिरफळाची बी हा फक्त एक काळा ठिपका असतो. त्याच्या जागी दुसरी कुठलीही काळी बी चालते. परीक्षक गुण कशाला देतात, यावर पुढच्या माटोळ्या कशा बांधल्या जातील ते बरंच ठरणार आहे.