करिंथ: संत पौलाच्या नगरीचे अवशेष

लग्नाच्या मिस्सेच्या वेळीं संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांतील प्रीतीविषयींचीं वचनें आपण अनेकदां ऐकतों. परंतु हे करिंथकर कोण व कोठले, हा विचार क्वचितच मनांत येतो. ग्रीस देशांत, आजच्या करिंथ शहरापासून थोड्या अंतरावर, आक्रोकरिंथ नामक उंच डोंगराच्या पायथ्याशीं त्यांच्या नगरीचे अवशेष आहेत. इ. स. १८९६ पासून अमेरिकन विद्वान् तेथें उत्खनन करीत आले आहेत.

प्रथम नजरेंत भरतात ते अपोलोच्या मंदिराचे सात खांब. परंतु ते पौलाच्याही सुमारें सहाशें वर्षें आधींचे. तें ग्रीक करिंथ रोमन सेनापति मुम्मियस यानें इ. स. पूर्वी १४६ मध्यें उद्ध्वस्त केलें, आणि इ. स. पूर्वी ४४ मध्यें ज्यूलियस सीझरनें तेथें नवी रोमन वसाहत स्थापिली. पौल आला तो या दुसऱ्या करिंथांत. तंबू करणारे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून, त्यांच्यासवें हातांनीं काम करीत, त्यानें येथें दीड वर्ष घालविलें.

चौकांत एक मोठा दगडी चौथरा आहे. प्रांताधिपति गल्लियो याच्या न्यायासनापुढें पौलास उभें केलें तें बहुधा येथेंच. गल्लियोनें तर फिर्याद मनावरच घेतली नाहीं! डेल्फी येथें सांपडलेल्या एका शिलालेखांत बादशहा क्लॉडियस यानें याच गल्लियोचें नांव घेतलें आहे. त्यावरून त्याचा अंमल इ. स. ५१-५२ च्या सुमारास ठरतो, आणि पौलाच्या प्रवासांचा कालक्रम बराचसा या तुटक्या लेखावर टेकलेला आहे. पुढें त्याच चौथऱ्यावर ख्रिस्तमंदिर उभें राहिलें.

अवशेषांलगतच वस्तुसंग्रहालय आहे. इ. स. १९९० मध्यें चोरट्यांनीं तेथून अडीचशेंहून अधिक वस्तू पळविल्या. त्यांपैकीं बहुतेक १९९९ मध्यें अमेरिकेंतील मायामी शहरीं मासळीच्या खोक्यांत दडविलेल्या सांपडल्या. येथील एका भग्न दगडावर ‘इब्र्यांचें सभास्थान’ अशा अर्थाचीं ग्रीक अक्षरें आहेत. पौलानें उपदेश केला तें हेंच, असें म्हणण्याचा मोह होतो. पण अक्षरांचें वळण मागाहूनच्या काळाचें आहे, तेव्हां तो मोह आवरलेला बरा.

नाट्यगृहाजवळ फरसबंदींत आणखी एक लेख आहे: नगराधिकाराच्या पदाबद्दल एरास्त यानें ही फरशी स्वखर्चानें घातली. रोमकरांस पत्राच्या शेवटीं नगराचा खजिनदार एरास्त सलाम सांगतो. तोच का हा? विद्वानांत एकमत नाहीं. धातूचीं अक्षरें केव्हांच गेलीं. दगडांत त्यांच्या खांचा तेवढ्या उरल्या आहेत.