हरणाची चिठ्ठी

माझ्या हातून पहिली चिठ्ठी निघाली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आजा गेला आणि वर्षभरात घरात वाटणी आली. पंचांनी धानाच्या बांध्यांचे तीन वाटे पाडले. एका वाट्यात तळ्याखालची बांधी गेली, म्हणून त्याच वाट्यात कोरडं टेकाड घातलं. मोहाची झाडं मोजून दिली. तिन्ही वाटे बरोबरीचे झाले असं सगळ्यांनी कबूल केलं, मग तीन चिठ्ठ्या पितळी लोट्यात पडल्या. लहान पोर लबाडी करत नाही म्हणून मला समोर बसवलं. मी हात घातला, वाटे झाले, कुणी कुरकुर केली नाही.

आत्या चुलीजवळच्या दारात बसून बघत होती. नवरा वारल्यावर ती माहेरीच राहिली होती. रोवणी, निंदण, कापणी, सगळ्यात तिचा हात. तिच्या नावाची चिठ्ठी लोट्यात नव्हती. ही गोष्ट मला खरी कळायला साठेक वर्षं लागली, आणि कळली ती अमेरिकेत, एका हरणाच्या शिकारीत.

माझी लेक वॉशिंग्टन राज्यात यॅकिमाला राहते. राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं. हे पार पश्चिमेकडचं, सफरचंदांच्या बागांचं. तिच्याकडे निघालो तेव्हा मुलानं बॅगेत एक कागद ठेवला होता. हक्कसोडाचा. "ताई काही शेती करायला येणार नाही बाबा, तिची सही घेऊन या," एवढंच तो म्हणाला. मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

लेकीच्या शेजारी एक म्हातारबुवा राहायचे. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे गेलेले, पण शिकारीचा नाद सुटलेला नाही. एका संध्याकाळी ते खुशीत आले. म्हणाले, 14 वर्षांनी माझी चिठ्ठी निघाली.

मला वाटलं लॉटरी लागली. लेकीनं समजावून सांगितलं. तिथं साधा परवाना काढला की ऑक्टोबरातल्या ठरलेल्या दिवसांत कुणालाही हरणाची शिकार करता येते. पण चांगल्या जंगलात, नोव्हेंबरात, मोठे नर माजावर येऊन उघड्यावर फिरतात तेव्हा जायचं, तर वेगळा खास परवाना लागतो. असे परवाने मोजके. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला अर्ज घेतात आणि सोडत काढतात. नंबर लागला नाही तर एक गुण जमा होतो. गंमत पुढंच आहे. जितके गुण, त्यांचा वर्ग करून तितक्या वेळा तुमचं नाव सोडतीत पडतं. पहिल्या वर्षी एकदा, पाच गुण झाले की 25 वेळा. म्हातारबुवांचे 14 गुण, म्हणजे 196 चिठ्ठ्या. मी जन्मभर पोरांना वर्ग आणि घनमूळ शिकवलं, पण त्याचा हा उपयोग पहिल्यांदाच ऐकला. आणि एकदा नंबर लागला की सगळे गुण शून्य. शिकार मिळो न मिळो.

"तिथं साहेबाला, पुढाऱ्याला आधी परवाना नाही?" मी विचारलं.

"नाही. सगळ्यांची नावं एकाच भांड्यात," म्हातारबुवा म्हणाले.

मला आजा आठवला. 1878 च्या जंगल कायद्यानं आमच्या भोवतालचं जंगल राखीव झालं. इंग्रजी अमलात त्याचे शिकारीचे ब्लॉक पाडले. साहेबानं अर्ज करायचा, फी भरायची, ठरल्या दिवसांपुरता ब्लॉक त्याच्या नावावर. किती चितळं, किती सांबरं मारायची ते परवान्यावर लिहिलेलं. साहेब मचाणावर बसायचा आणि आमची माणसं हाका करायची. डबे वाजवत, ओरडत, काट्यांतून जनावर त्याच्या बंदुकीसमोर नेऊन घालायची. आजा हाक्याला जायचा. तो म्हणायचा, "जनावर सायबाचं, काटे आमचे." त्याच जंगलात गावातल्या कुणी सशाला फासा लावला तर तो गुन्हा. नाकेदार यायचा आणि कोंबडी तरी जायची, नाहीतर दंड तरी.

स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, पण परवाने राहिले. माझ्या लहानपणी जीपगाड्या यायच्या. माणसं आपली होती, हाका तोच होता. 1972 च्या वन्यजीव कायद्यातसुद्धा सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती, त्यात चितळ-सांबर मोठ्या शिकारीच्या यादीत होते. 1991 च्या दुरुस्तीनं ती सोयच काढून टाकली. बरंच झालं. पण धानात रात्री चितळांचा कळप शिरतो तेव्हा गावात अजून तोच प्रश्न ऐकू येतो, हे जनावर आहे तरी कुणाचं?

अमेरिकेत त्याचं उत्तर म्हातारबुवांना तोंडपाठ होतं. हरीण कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं. राज्य ते सगळ्यांच्या वतीनं सांभाळतं. हे शहाणपण ठेच लागून आलेलं. एकोणिसाव्या शतकात तिथं बाजारात विकण्यासाठी इतकी जनावरं मारली की जंगलं ओस पडायला आली. मग 1900 मध्ये लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्यात विकणं बंद झालं. 1937 मध्ये बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना द्यायचं ठरलं. जनावरं पुन्हा वाढली. पण शिकारी त्याहून जास्त, म्हणून सोडत.

नोव्हेंबरात ते मला बरोबर घेऊन गेले. पहाटे निघालो. बर्फ पडलेलं होतं, माझ्या अंगावर नारिंगी जाकीट. त्यांनी मोबाइलवर नकाशा दाखवला. हिरवा चौकोन, पांढरा चौकोन, पुन्हा हिरवा. डोंगरभर बुद्धिबळाचा पट. हिरवं सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. पांढरं खाजगी.

हा पट 1864 चा. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला रूळ टाकायचे होते, सरकारकडे पैसा नव्हता, जमीन होती. रुळाच्या दोन्ही बाजूंना एक मैल लांब, एक मैल रुंद असे 640 एकरांचे चौकोन आखले आणि एक सोडून एक रेल्वेला दिला. पुढं त्यातले कितीतरी लाकूड कंपन्यांकडे गेले. आता काही ठिकाणी सरकारी चौकोन असा आहे की त्याला चारही बाजूंनी खाजगी जमीन. आहे सगळ्यांचा, पण जायला वाट नाही. आमच्याकडे मधल्या शेताला वाट नसली की तहसीलदाराकडे अर्ज करतात, तसं मला वाटलं.

नऊच्या सुमारास नर दिसला. खेचरासारखे लांब कान, डोक्यावर वाळल्या झुडपासारखी शिंगं. म्हातारबुवांनी बंदूक खांद्याला लावली. मी श्वास धरला. मग त्यांनी एका हातानं मोबाइल काढून पाहिला आणि बंदूक खाली घेतली. नर हिरव्या चौकोनातच होता, पण समोरासमोरच्या नाही, तिरक्या. आमचा चौकोन आणि त्याचा चौकोन फक्त कोपऱ्यात एकमेकांना टेकत होते. मारला असता, पण आणायला जाताना पाऊल पांढऱ्यावरून गेलं असतं, आणि तिथं शिरायला कंपनीचा पास लागतो. तो त्यांच्याकडे नव्हता. वायोमिंग राज्यात 2021 मध्ये चार शिकाऱ्यांनी अशाच कोपऱ्यावर शिडी ठेवून पलीकडे पाय टाकला. खटला चालला, 2025 मध्ये संघीय अपील न्यायालयानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. पण वॉशिंग्टन राज्य त्या न्यायालयाच्या हद्दीत येत नाही.

नर थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. आम्ही थर्मासमधली कॉफी प्यायलो. "चिठ्ठी निघाली, वाट नाही निघाली," ते म्हणाले. उरलेले दिवस फिरले, पुन्हा तसा नर दिसला नाही. गुण शून्य झाले होते. पुढच्या वर्षी पुन्हा एकापासून सुरुवात.

त्याच आठवड्यात लेकीनं टॉपेनिशला याकामा लोकांचं संग्रहालय दाखवलं. ही सगळी जमीन मुळात त्यांची आणि त्यांच्या शेजारच्या जमातींची. 1855 च्या करारात त्यांनी एक कोटी एकरांहून जास्त मुलूख सोडला, पण मोकळ्या, कुणी न घेतलेल्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क लिहून घेतला. म्हणून त्यांचे लोक आजही राज्याच्या सोडतीत उभे राहत नाहीत. त्यांचे हंगाम त्यांची जमात ठरवते. कराराला नऊ वर्षं होतात न होतात तोच रेल्वेचे चौकोन आखले गेले. मग मोकळी जमीन उरली किती?

त्या काचेसमोर उभा असताना मला पितळी लोटा दिसला. सोडत प्रामाणिक असते, हे मी मानतो. माझ्या सात वर्षांच्या हातानं लबाडी केली नव्हती, आणि म्हातारबुवांच्या 196 चिठ्ठ्यांतही नव्हती. पण चिठ्ठी काढायच्या आधीच सगळं ठरलेलं असतं. वाटे कुणी पाडले, वाट कुणी अडवली, लोट्यात कुणाचं नाव पडलं आणि कोण दारात बसून राहिलं.

आत्या शेवटपर्यंत आमच्याच घरी राहिली. तिनं कधी काही मागितलं नाही. आम्ही त्यालाच तिचा मोठेपणा म्हणत आलो.

निघायच्या आदल्या रात्री लेक पेन घेऊन आली. भावानं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. "बाबा, कुठं सही करू?" इतक्या सहज, की मला तिच्याकडे बघवेना.

"राहू दे," मी म्हटलं.

कागद तसाच परत आला. मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर बसलो असताना त्यानं विचारलं, "मग वाटणीचं काय?"

"करू," मी म्हटलं. "आधी नावं किती ते मोजू."