लागेल का नंबर?

जून लागला की सोसायटीतली माणसं मला अचानक ओळखायला लागतात. एरवी लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहणारे गृहस्थ ‘बाई, पाच मिनिटं येऊ का?’ म्हणत दारात येतात, मागे झेरॉक्सची फाइल धरलेली मुलगी असते. पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले, सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले, आणि त्यातली बरीच वर्षं ॲडमिशनच्या टेबलावर गेली. त्यामुळे ‘हिचा नंबर लागेल का हो?’ हा प्रश्न मला पाठ आहे. तो माझ्या टेबलाहून पुष्कळ जुना आहे. आणि माझं मत विचाराल तर त्याचं उत्तर एकट्या मार्कांनी कधीच दिलेलं नाही. मार्कांच्या शेजारी आणखी काहीतरी बसलेलं असतं, आणि दर पिढीत ते बदलतं.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं आणि मॅट्रिकची पहिली परीक्षा 1859 मध्ये झाली. ती विद्यापीठाची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती. बसलेल्यांतले बहुतेक नापास झाले. पास झालेल्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. 1862 मध्ये विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले ते हे दोघे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या काळी मॅट्रिकची भिंत एकदा ओलांडली की कॉलेजात जागा मिळेल का, ही चिंता कोणाला नव्हती. जागा भरपूर, मुलंच थोडी. खरा प्रश्न पुढचा: पुण्या-मुंबईत राहायचं कुठे आणि जेवायचं कोणाकडे? गरीब ब्राह्मणाचा मुलगा असेल तर माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. सातही वार लागले की शिक्षण पुरं होण्याची आशा. ज्या जातींच्या मुलांना कोणाच्या ओसरीवर पान मांडलं जात नव्हतं, त्यांना ही आशाही नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहं उभी केली आणि 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी पुढे 1947 मध्ये साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’वर चालणारं कॉलेज काढलं, ते हेच दुखणं ओळखून.

धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट या संदर्भात मला नेहमी आठवते. मुरूडचा हा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायला घाट चढून पायी साताऱ्याला गेला, शंभरावर मैलांची चाल करून. परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत. वयाचा दाखला जवळ होता, पण कमिटीला मुलगा दिसायला लहान वाटला आणि त्याला बसू दिलं नाही. अभ्यास झालेला, कागद बरोबर, तरी संधी गेली. पुढे याच मुलाने एल्फिन्स्टनमधून गणितात बी. ए. केलं, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं आणि 1916 मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. दाखला हातात असूनही टेबलापलीकडचा माणूस तो मानेलच असं नाही, हे विद्यार्थ्यांना तेव्हापासून ठाऊक आहे.

मार्कांची खरी चुरस सुरू झाली ती स्वातंत्र्यानंतर. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, साठच्या सुमारास, वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांना ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फी-सवलत मिळू लागली आणि गावोगावची पोरं कॉलेजात आली. आर्ट्स-कॉमर्सला जागा होत्या. अडचण होती ती डॉक्टर-इंजिनिअरची. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज 1854 पासूनचं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं, सांगलीचं वालचंद 1947 चं. 1960 मध्ये कराड आणि औरंगाबाद आली, आणि अशी आणखी थोडी. एवढ्या मोठ्या राज्याला बोटांवर मोजण्याइतकी कॉलेजं. इंटर सायन्सला गणिताचा ‘ए ग्रुप’ घ्यायचा की जीवशास्त्राचा ‘बी ग्रुप’, यावर घरात चर्चा चालत, आणि इंटरचे मार्क आले की सगळं एका फटक्यात ठरे. माझे थोरले काका इंटरला फर्स्ट क्लास मिळवून वालचंदला गेले, तर घरात महिनाभर त्यांना कोणी पाणी भरायला सांगितलं नाही, असं आजी सांगायची.

1975 मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि दहा-दोन-तीनचा आकृतिबंध आला. त्या वर्षी जुनी अकरावीवाली मुलं आणि नवी दहावीवाली मुलं एकदमच बाहेर पडली. कुणाला किती मार्कांवर काय मिळेल हे कोणालाच सांगता येईना, कारण मागचं वर्ष उपयोगाचं राहिलं नव्हतं. मागच्या वर्षाचा आकडा या वर्षी चालेलच असं नाही, हे महाराष्ट्राला तेव्हा मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा कळलं. आम्ही अजून ते शिकलेलो नाही, हा भाग वेगळा.

मी नोकरीला लागले तेव्हा सगळा कारभार हाताने चाले. प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, खिडकीवर पैसे भरून घ्यायचा. हुशार मुलगा पाच-सहा कॉलेजांत फॉर्म भरायचा, साहजिकच. आम्ही फॉर्म मार्कांप्रमाणे लावायचो, यादी स्टेन्सिलवर टाइप व्हायची, सायक्लोस्टाइल करून जाळीच्या बोर्डात लागायची. यादी लागायच्या आधीच गेटपासून बोर्डापर्यंत गर्दी. पहिल्या यादीचा शेवटचा आकडा बघून निम्मे पालक रडकुंडीला यायचे.

तो आकडा फसवा असायचा. कारण शहरातल्या पाच चांगल्या कॉलेजांच्या पहिल्या यादीत वरची दोनशे नावं जवळजवळ तीच असत. मुलगा एकच, जागा पाच अडवलेल्या. त्याने एका ठिकाणी फी भरली की चार जागा सुटायच्या, त्यातून दुसरी यादी, मग तिसरी. आमच्या हेडक्लार्कांकडे एक लांबट वही होती. एका पानावर डावीकडे पहिल्या यादीचा शेवटचा आकडा, उजवीकडे अगदी शेवटच्या यादीचा, आणि मधल्या रकान्यात लाल शाईने फरक. वर्षांमागून वर्षं तो लाल आकडा फारसा हलत नव्हता. त्या वहीच्या भरवशावर ते पालकांना सांगायचे, ‘तिसऱ्या यादीपर्यंत थांबा, कुठेही डोनेशन देऊ नका.’

वहीखेरीज आणखी एक खूण होती. लिव्हिंग सर्टिफिकेट. शाळेचं मूळ एलसी एकच असतं, त्यामुळे ते जिथे जमा तिथे मुलगा खरा. फी भरूनही एलसी ‘उद्या आणतो’ म्हणणारा मुलगा दुसऱ्या यादीची वाट बघतोय, हे आम्हाला टेबलावर कळायचं. एलसी परत मागायला आलेल्यांची रांग वाढली की समजायचं, जवळच्या कॉलेजची यादी लागली, आता आपली उतरणार. वेटिंगवरच्या पालकाला मी बाजूला घेऊन सांगायचे, ‘उद्या दुपारी चक्कर मारा.’ यात काही जादू नव्हती. चिठ्ठ्याही यायच्या, नगरसेवकांच्या, संस्थेच्या ओळखीच्या लोकांच्या. त्या कुठल्या ड्रॉवरमध्ये जायच्या ते मी इथे लिहीत नाही.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि नंबर न लागलेल्यांच्या घरात हिशेबाची वही उघडली. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा 1987 मध्ये झाला, तरी बंदी झाली म्हणजे घेणं थांबलं असं नाही. उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये घालून दिलेल्या योजनेत जागा अर्ध्या ‘फ्री’ आणि अर्ध्या ‘पेमेंट’ झाल्या. त्या दशकात ‘लागेल का?’ याचा अर्थ ‘फ्री सीट लागेल का?’ असा होता. पेमेंट सीट तर लागायचीच, बापाला झेपली तर. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2002 च्या टी.एम.ए. पै निकालाने तीही व्यवस्था मोडली. याच काळात लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजांनी बोर्डाच्या पेपरांच्या सरावाचा असा सपाटा लावला की पुण्या-मुंबईची मुलं मेरिट लिस्टमध्ये खाली सरकली. लातूर पॅटर्नला आमच्याकडे नावं ठेवणारे पुष्कळ होते. पण दुष्काळी भागातल्या मुलाने मेडिकलची सीट काढायची ती आणखी कशाच्या जोरावर, हे त्यांतल्या कोणी सांगितलं नाही.

मग बोर्डाच्या मार्कांऐवजी राज्याची वेगळी प्रवेशपरीक्षा, सीईटी, आली, आधी मेडिकलला, नंतर इंजिनिअरिंगला. 2014 आणि 2015 मध्ये इंजिनिअरिंगला जेईई मेन आणि बारावी असं मिश्रण झालं, 2016 पासून पुन्हा सीईटी. मेडिकल ‘नीट’ या देशपातळीवरच्या परीक्षेकडे गेलं. अकरावीचा तमाशा मुंबईत याआधीच झाला होता. 2008 मध्ये एसएससी आणि आयसीएसईवाल्यांना एका पातळीवर आणण्यासाठी पर्सेंटाइल सूत्र आलं, हायकोर्टात रद्द झालं. 2009 मध्ये नव्वद टक्के जागा एसएससीला राखल्या, तेही रद्द. 2010 मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं, हायकोर्टाने रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने वाचवलं. सहावा, वाईट विषय गळाला आणि सगळ्यांचेच टक्के वर गेले, अर्थात कट-ऑफही. प्रत्येक बाप खूश आणि प्रत्येक यादी वर चढलेली.

खरा बदल मात्र ऑनलाइनने केला. मुंबईत अकरावी 2009 पासून केंद्रीय ऑनलाइन झाली, 2025 मध्ये साऱ्या राज्यात. एक मुलगा, एक फॉर्म, पसंतीक्रम, एकच जागा. पाच याद्यांत एकच नाव ही गोष्टच संपली आणि हेडक्लार्कांच्या वहीतला लाल रकाना त्याबरोबर निकालात निघाला. मला त्याचं दुःख नाही. व्यवस्थापन आणि इनहाउस कोटे उरले, पण चिठ्ठीवाल्यांचा खिडकीवरचा रुबाब गेला, हे मला फार बरं वाटतं.

आता पालक सीईटी सेलची कट-ऑफची पीडीएफ मोबाइलवर दाखवतात आणि बहुतेक जण चुकीचा रकाना वाचतात. रकान्याच्या सांकेतिक नावात पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींच्या राखीव जागा. शेवटचं अक्षर ‘एच’ असेल तर होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ असेल तर बाहेरची, ‘एस’ असेल तर राज्यस्तर. नाशिकच्या मुलाने पुणे विद्यापीठाच्या ‘एच’मध्ये बघायचं, नागपूरच्याने ‘ओ’मध्ये. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे फी माफीच्या थोड्या जागांचा आकडा बहुधा वर असतो. तो बघून घाबरू नये. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तीन लाख मुलं बसली असं धरलं तर 97 पर्सेंटाइलच्या पुढे नऊ हजार मुलं उभी असतात. पुण्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे सीओईपीत, कॉम्प्युटरला खुल्या गटात 99.9 च्या वर लागतं. 97 वर पेढे जरूर वाटा, पण त्या यादीकडे बघू नका.

त्यात आरक्षणाची गणितं. 2019 मध्ये आर्थिक दुर्बलांसाठीचं ईडब्ल्यूएस आलं, मराठा समाजासाठीचं एसईबीसी त्याच सुमारास लागू झालं, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, 2024 मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला. जागांची वाटणी बदललेल्या वर्षाचा कट-ऑफ त्याच्या आधीच्या वर्षाशी जोडून बघण्यात अर्थ नसतो. म्हणून मी पालकांना एका वर्षाचा आकडा देतच नाही. तीन वर्षांचे, त्याच रकान्याचे, पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे आकडे काढून आणायला सांगते, मग बोलते.

एवढं करूनही दरवर्षी जागा जाते ती मार्कांनी नव्हे, कागदांनी. नॉन-क्रिमीलेयर जुन्या तारखेचं, उत्पन्नाचा दाखला आडनावाच्या स्पेलिंगमध्ये अडकलेला, जातपडताळणी समितीकडून व्हॅलिडिटी आलेली नाही. यादीत नाव आलेलं, आणि कागद नाही म्हणून मूल खुल्या गटात ढकललं जातं. तेव्हा दोन गोष्टी करा. ऑप्शन फॉर्ममध्ये मनातलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहा, ते लिहिल्याने खालचं कुठलंही हातचं जात नाही. आणि व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका.