बेथलेहेमचा तारा आणि बिठूरचा वकील

नानासाहेब पेशव्यांचा वकील अझीमुल्ला खान 1855 साली सेवास्तोपोलच्या वेढ्यात जाऊन आला होता. हे वाचल्यापासून एकच प्रश्न डोक्यात होता: ते क्रिमियाचं युद्ध मुळात पेटलं कशावरून? धागा धरून मागे गेलो आणि पोचलो थेट बेथलेहेमच्या गुहेत, फरशीत बसवलेल्या एका चांदीच्या ताऱ्यापाशी.

येशूच्या जन्मस्थानावरचं हे चर्च कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, जस्टिनियनने सहाव्या शतकात पुन्हा उभारलेलं. ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि कॅथलिकांच्या वतीने फ्रान्सिस्कन साधू, अशी तिघांची इथे वहिवाट. ताऱ्याभोवतीचे 15 दिवेसुद्धा वाटून घेतलेले: सहा ग्रीकांचे, पाच आर्मेनियनांचे, चार कॅथलिकांचे. जो झाडतो किंवा दुरुस्ती करतो, त्याचा जागेवर हक्क, असा इथला दंडक. म्हणून 2011 च्या डिसेंबरात सफाई करताना ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरू एकमेकांवर झाडू घेऊन धावले. त्यांच्या दृष्टीने तो मालकीचाच प्रश्न होता.

ताऱ्याला 14 टोकं. त्यावर कॅथलिकांच्या लॅटिनमध्ये कोरलंय की कुमारी मरियेपासून येशू ख्रिस्त इथे जन्मला. खाली साल 1717. ऑक्टोबर 1847 मध्ये हा तारा नाहीसा झाला. कॅथलिकांनी ग्रीकांकडे बोट दाखवलं, ग्रीकांनी कानावर हात ठेवले. चांदीच्या लोभाने कोणी चोरला असेल, असंही म्हणता येईल. मला ते पटत नाही. चांदीच हवी असती तर डोक्यावर दिवे टांगलेलेच होते. फरशीत घट्ट बसवलेला तारा उखडायची मेहनत कोण घेईल? माझ्या मते चोराला नकोशी होती ती लॅटिन अक्षरं. वहिवाटीच्या भांडणात असा कोरीव लेख म्हणजे सातबाराच, आणि तो कोणाला खुपत होता हे उघड आहे.

मग फ्रान्सने 1740 च्या कराराची आठवण तुर्की सुलतानाला दिली. ग्रीकांकडे 1757 चं फर्मान होतं आणि पाठीशी रशियाचा झार. डिसेंबर 1852 मध्ये तशाच लेखाचा नवा तारा बसला, चर्चच्या मोठ्या दाराची किल्लीही कॅथलिकांच्या हाती आली. झार निकोलस खवळला. त्याचा दूत मेन्शिकोव्ह 1853 च्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलला धडकला आणि वर्ष संपण्याआधी तुर्क-रशियन युद्ध जुंपलं, तेच पुढे क्रिमियाचं युद्ध झालं.

इथे बरेच इतिहासकार मला अडवतील. त्यांच्या मते खरं कारण काळ्या समुद्राच्या सामुद्रधुनी आणि खिळखिळं झालेलं तुर्की साम्राज्य. पवित्र स्थळांचा तंटा तर 1853 च्या वसंतातच मिटला होता. तंटा मिटला हे खरं. पण सुलतानाच्या सगळ्या ऑर्थोडॉक्स प्रजेचं पालकत्व आम्हाला द्या, ही मेन्शिकोव्हची मागणी त्याच तंट्याच्या पोटी आली आणि बोलणी फिसकटली ती त्या मागणीवर. ऑर्लंडो फायजेसने 2010 च्या आपल्या ग्रंथात धर्माला या युद्धाच्या केंद्रस्थानी ठेवलंय. मी त्याच्या बाजूचा.

आता नानासाहेबांचं बिठूर. त्यांचे दत्तक वडील दुसरे बाजीराव 1851 मध्ये वारले आणि त्यांचं आठ लाखांचं सालीना पेन्शन कंपनीने बंद केलं. ते मागायला अझीमुल्ला लंडनला गेला आणि रिकाम्या हाती परतला. वाटेत तो क्रिमियात शिरला. 18 जून 1855 ला रशियनांनी इंग्रज-फ्रेंचांचा मोठा हल्ला परतवला होता. इंग्रजांना हरवणारे लोक त्याला डोळ्यांनी पाहायचे होते. तिथे त्याला भेटलेला वार्ताहर विल्यम रसेल याने हे पुढे लिहून ठेवलंय. इंग्रज अजिंक्य नाहीत, ही खात्री घेऊनच तो नानासाहेबांकडे परतला असणार, असं मी ठामपणे मानतो. अवघ्या दोन वर्षांत कानपूर पेटलं. काडतुसं, अयोध्येचं खालसा होणं ही कारणं मोठीच. सैन्य त्यांनी उठवलं. पण नानासाहेबांच्या दरबारात धीर आला तो सेवास्तोपोलहून.

बेथलेहेमची वहिवाट पुढे 1878 च्या बर्लिन करारात जशीच्या तशी गोठवली गेली. लॅटिन अक्षरांचा तारा आजही तिथेच आहे. नानासाहेबांवर लिहिणाऱ्यांनी अझीमुल्लाच्या या प्रवासाची नोंद एका ओळीत उरकू नये, त्याच्यामागचं बेथलेहेमही सांगावं.