वास्तू जपायची कोणी?

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार माणसे एकत्र जमली की गावाकडच्या घराचा विषय हटकून निघतो. घर जुने, वाटेकरी अनेक, राहणारे कोणी नाही. पाडावे की जपावे? हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर मुंबईनगरीपुढे उभा राहिला. त्याचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

१९०४ चा व पुढे १९५८ चा, अशा प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यांनी लेणी, किल्ले, देवळे यांना संरक्षण दिले. परंतु माणसे राहतात, व्यवहार करतात अशा खासगी इमारती बहुधा त्यांच्या कक्षेबाहेरच राहिल्या. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईत १९९५ साली वारसा-नियमावली लागू झाली. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीतील वास्तूस अत्यावश्यक दुरुस्तीखेरीज हात लावावयाचा नाही. दुसऱ्या श्रेणीत अंतर्भागातील फेरफारास काहीशी मोकळीक. तिसरीत त्याहून अधिक. रंगरंगोटीसाठीही परवानगी आवश्यक ठरली.

मालकांनी कुरकुर केली, आणि ती सर्वस्वी गैरवाजवी नव्हती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली होती. तेवढ्या उत्पन्नात छप्पर शाकारणेही कठीण, मग कोरीव सज्जे कोठून सांभाळावेत? बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकास तो अन्यत्र वापरता यावा, अशी तरतूद नियमावलीत होती खरी. परंतु दुरुस्तीचा पैसा रोज लागतो.

काळा घोड्याजवळचे एकेकाळचे वॉटसन हॉटेल याची साक्ष देते. १८६७ ते १८६९ या काळात विलायतेहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर ही इमारत उभी राहिली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईकरांनी प्रथम येथेच पाहिली. पुढे हॉटेल गेले. दालनांत आडभिंती घालून लहान लहान कचेऱ्या व बिऱ्हाडे थाटली गेली. वारसा-यादीत नाव असूनही २००५ साली तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. नियमाने पाडणाऱ्याचा हात धरला. सावरणारा हात मात्र पुढे आला नाही.

आमच्या मते या इतिहासाचा बोध एवढाच की, मनाई म्हणजे जतन नव्हे. मालक, भाडेकरू आणि समाज यांनी खर्चाचा भार वाटून घेतला, तरच वास्तू टिकते. आपण दूरदेशी राहणारे वाटेकरी आहोत. गावाकडच्या घराविषयी आपली मते मोठी असतात, वर्गणी मात्र लहान. पावसाळ्यापूर्वी कौले परतावयास धाडलेले चार पैसे हे, आम्हांस वाटते, कोणत्याही नियमावलीहून अधिक संरक्षण देतात.