वाजीकरणाचे घास

वाजी म्हणजे घोडा. पुरुषाला घोड्याचे बळ यावे म्हणून सांगितलेला आहार, औषध आणि आचार म्हणजे वाजीकरण. हा शब्द आज चारचौघांत उच्चारला तर ऐकणारे एक तर हसतात, नाही तर विषय बदलतात. आपल्या पूर्वजांना मात्र एवढा संकोच नव्हता. आयुर्वेदाची जी आठ अंगे मोजली जातात, त्यांतले एक अख्खे अंग वाजीकरणाला दिलेले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसराच वाजीकरणाचा. ताप, खोकला, अतिसार हे सगळे त्यानंतर.

त्या अध्यायात काय खायला सांगितले आहे? दूध, तूप, साखर, मध, उडीद, साठ दिवसांत पिकणारा साठी तांदूळ, मांसाचा रस, पक्ष्यांची अंडी. यातले बरेचसे सुखवस्तू घराच्या स्वयंपाकघरातलेच. हा खटाटोप कशासाठी, तेही स्पष्ट सांगितले आहे: संततीसाठी. निपुत्रिक पुरुषाला एकाच फांदीच्या, सावली नसलेल्या, फळ नसलेल्या झाडाची उपमा दिली आहे. ज्या काळात साथी आणि दुष्काळ घरेच्या घरे रिकामी करत होते, त्या काळातली ही भीती समजण्यासारखी आहे.

पण मला त्या अध्यायातल्या दोन गोष्टी उडदापेक्षा आणि तुपापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. एक, सर्वश्रेष्ठ वाजीकरण कोणते, तर मनाला आनंद देणारी स्त्री, असे तिथे म्हटले आहे. अर्थात ग्रंथ पुरुषाच्या नजरेतून लिहिलेला आहे. त्या स्त्रीचे मन कशाने आनंदते, हे कुणी विचारलेले नाही. दुसरी गोष्ट, पुरुषाचे बळ कशाने ओसरते याची यादी. म्हातारपण, आजार, अतिश्रम, उपास यांच्याबरोबर चिंता, भीती, शोक आणि अविश्वास हेही त्या यादीत आहेत. म्हणजे ही गोष्ट नुसत्या पोटाची नाही, मनाचीही आहे, हे त्या वैद्यांनी ओळखले होते.

आता जरा पश्चिमेकडे जाऊ. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याने अन्नपदार्थांच्या गुणधर्मांवर ग्रंथ लिहिला. हरभऱ्याने कामेच्छा वाढते आणि वीर्यही वाढते अशी लोकांची समजूत आहे, म्हणून वळूघोड्यांना हरभरा चारतात, असे तो नोंदवतो. इथेही घोडाच! त्याच्या आधीच्या शतकातल्या डायोस्कोरिडीसने एका ऑर्किडच्या कंदाविषयी लिहिले आहे. या झाडाला जमिनीखाली दोन कंद असतात, एक भरलेला आणि एक सुरकुतलेला. त्यांच्या आकारावरूनच ग्रीकांनी त्याला ‘ऑर्किस’ म्हटले, अर्थ अंडकोश. मोठा कंद पुरुषाने खाल्ला तर मुलगा होतो आणि लहान कंद बाईने खाल्ला तर मुलगी, अशी समजूत त्याने टिपून ठेवली आहे. जे ज्या अवयवासारखे दिसते, ते त्या अवयवाला उपकारक, हा तर्क जगात सगळीकडे चालत आला.

नवव्या शतकात बगदादमध्ये डायोस्कोरिडीसचा ग्रंथ अरबीत आला. अरबांनी त्या कंदाला कोल्ह्याच्या अंडकोशाचे नाव दिले. अरबीत कोल्हा म्हणजे ‘सअलब’. हकिमांबरोबर हा कंद हिंदुस्थानात आला आणि ‘सालब मिस्री’, म्हणजे मिसर देशाचा सालब, या नावाने विकला जाऊ लागला. मराठीत त्याची झाली सालममिश्री. गिऱ्हाइकाला वाटते काहीतरी खडीसाखरेतला प्रकार असावा. एका शब्दात ग्रीक तर्क, अरबी कोल्हा आणि मराठी गोडवा असे तिन्ही एकत्र नांदताहेत. हा देश औषधांच्या बाबतीत कधी सोवळा नव्हता, हे सांगायला यापेक्षा चांगला दाखला मला तरी सापडलेला नाही. हकिमाचे माजून आणि वैद्याचा पाक एकाच पाट्यावर वाटले गेले.

राजेरजवाड्यांनी या शास्त्राचा थाट केला. खानदेशाच्या उत्तरेला मांडूचा किल्ला आहे. तिथे १४६९ ते १५०० या काळात माळव्याचा सुलतान गियासुद्दीन राज्य करत होता. बापाच्या हयातीत लढाया खूप केल्या, आता कारभार मुलाने पाहावा, असे ठरवून तो सुखोपभोगाकडे वळला. त्याच्या महालात हजारो स्त्रिया होत्या, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. हा फरिश्ता आपल्या अहमदनगरला आणि पुढे विजापूरला राहिलेला. गियासुद्दीनच्या आवडीच्या पाककृतींचे ‘निमतनामा’ हे सचित्र पुस्तक त्याच्या मुलाच्या काळात पुरे झाले. समोसे, खिरी, शिकारीवरचे जेवण, विडे, अत्तरे आणि त्यांच्याच रांगेत कामेच्छा वाढवणारे पदार्थ. पुढे ते टिपू सुलतानाच्या ग्रंथालयात होते. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या चित्रांत मिशाळ सुलतान मध्यभागी आणि भोवती चुलीपाशी राबणाऱ्या बायका. खाणारा एक, रांधणाऱ्या अनेक!

पण हे पदार्थ खरोखर पुरुषाचे होते का? आपल्याच घरांकडे पाहा. डिंक, खारीक, खोबरे, बदाम, खसखस, तूप. आमच्या घरी कुणी बाळंत झाली की आजी याच जिनसांचे लाडू वळायची आणि आम्हा पोरांना डब्याला हात लावू द्यायची नाही. झिजलेल्या शरीराला उभे करणारे अन्न म्हणून ते बाळंतिणीचे. तालमीत गेलात तर दूध, तूप, बदामाची थंडाई आणि भिजवलेले हरभरे पैलवानाच्या खुराकात. आणि पैलवानाने तर लंगोटाला पक्के राहायचे! म्हणजे तेच दूध-बदाम नवऱ्याने शक्ती खर्चण्यासाठी प्यायचे आणि पैलवानाने राखण्यासाठी. घास एकच, त्याचा अर्थ मात्र खाणाऱ्याच्या भूमिकेप्रमाणे बदलत गेला.

आणि एक ताट असे होते की ज्यातून हे घास काढून घेतले गेले. कांदा-लसूण कामवासना चाळवतो, अशी समजूत होती. सनातनी घरातल्या सोवळ्या विधवेला तो वर्ज्य असे. केस कापलेले, एकवेळचे जेवण आणि तेही मिळमिळीत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या देहाला भूक लागू नये म्हणून तिची जीभ बांधून टाकली होती. पुरुषांसाठी काय काय शिजत होते, एवढेच सांगून या विषयाचा इतिहास पुरा होत नाही. बाईला काय नाकारले गेले, हेही त्यात लिहावे लागेल.

आता मुसळी. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम. त्यातले बोरिव्हिली म्हणजे आपल्या मुंबईचे बोरिवली! १९५०च्या दशकात सेंट झेवियर्स कॉलेजातले स्पॅनिश धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी या जातीचे वर्णन केले. तिच्या वाळलेल्या मुळ्या ‘मर्दानी ताकदी’च्या नावाने चढ्या भावाने विकल्या जातात. त्यापायी रानातली मुसळी इतकी उपसली गेली की ती दुर्मीळ होत चालली. याच झाडाचा पाला आदिवासी बायका पहिल्या पावसात खुडतात, त्याची भाजी करतात आणि उरलेली बाजारात आणतात. फोडशी म्हणा, कुळू म्हणा. ज्याच्या मुळाला तिजोरी उघडते, त्याचा पाला जुडीने मिळतो.

मग अन्न बाजूला राहून भीती विकली जाऊ लागली, ती कशी? अन्नापासून रस, रसापासून रक्त, असे करत करत सातवा धातू म्हणजे शुक्र, अशी जुनी कल्पना होती. तिचाच पुढे धाक झाला. ‘एक थेंब गेला तर इतके इतके रक्त गेले’ असे पोरांच्या मनावर बिंबवले गेले. थकवा, झोप न येणे, उदासी या सगळ्याचे खापर धातू जाण्यावर फोडणाऱ्या रुग्णांच्या या अवस्थेला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर जाहिराती रंगल्या त्या याच धाकावर.

महाराष्ट्रात या धाकाविरुद्ध एक माणूस एकटा उभा राहिला. रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि वाचकांच्या लाजऱ्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली. त्याबद्दल खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. स्वतंत्र भारतात १९५४ साली कायदा झाला. त्याने कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी आली. हमदर्द दवाखान्याने त्याला आव्हान दिले. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण मूळ बंदी ग्राह्य धरली. भिंती मात्र कायदा वाचत नाहीत.

१९९८ मध्ये अमेरिकेत व्हायग्राला मान्यता मिळाली आणि नवाच घोटाळा सुरू झाला. ‘शुद्ध नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत आणि कॅप्सूलांत व्हायग्रातलेच औषध गुपचूप मिसळलेले असते, हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार उघड केले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब अशा पुडीने धोकादायकरीत्या उतरू शकतो, आणि आपण काय गिळले हे त्याला ठाऊकच नसते.

मुसळी किंवा सालममिश्रीने पुरुषाचे बळ वाढते, हे माणसांवरच्या मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. सिद्ध झालेले आहे ते वेगळेच. लिंगाला ताठरता न येणे ही अनेकदा मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची पहिली सूचना असते. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, म्हणून कधीकधी छातीत कळ येण्याच्या कित्येक वर्षे आधी दुखणे तिथे दिसते. ती सूचना ऐकून डॉक्टरकडे जायचे सोडून माणूस पुडीवाल्याकडे जातो, कारण पुडीवाला नाव विचारत नाही. मूल होत नसेल तरी तपासणीला आधी बायकोच जाते. नवरा लाडू खात बसतो, आणि वांझ हा शब्द तिच्या कपाळी येतो.

डिंकाचे लाडू जरूर खावेत, उडदाचे घुटेही खावे. घरातल्या सगळ्यांनी मिळून खावे, कारण ते चांगले अन्न आहे. चरकाने नोंदवलेल्या चिंता, भीती, शोक आणि अविश्वास या चार गोष्टींवर मात्र कोणत्याही काष्ठौषधींच्या दुकानात पुडी मिळत नाही. त्यासाठी नवराबायकोला एकमेकांशी बोलावे लागते, आणि गरज पडली तर दोघांनी मिळून दवाखान्याची पायरी चढावी लागते.